वस्तीचा फळा आणि तरुणांचे नागरिकत्व

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संस्थेच्या चिटणीसांनी पाठविला, तेव्हा विषय शोधायला आम्हांला फार लांब जावे लागले नाही. समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर एक लाकडी चौकटीचा फळा आहे. आज त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता आणि वर्गणी थकविणाऱ्यांची यादी एवढेच लागते. परंतु १९९८ साली याच फळ्यावर आमच्या वस्तीचे भित्तिपत्रक लागत असे. ते कसे निघाले, कशामुळे बंद पडले आणि पुन्हा का निघाले पाहिजे, याचा विचार सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी करावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. आम्ही कोणी पत्रकार नाही. बँकेत कारकून आहोत. पण त्या फळ्याने आम्हांला जे शिकविले, ते पदवीच्या तीन वर्षांत कोणी शिकविले नाही.

आपले माध्यम कोणते?

वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी ही मोठी माध्यमे आहेत. तेथे बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात. त्यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या गल्लीतील दिवा महिनाभर बंद आहे, किंवा आपल्या शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, ही बातमी तेथपर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तरी तिला जागा मिळत नाही.

वस्तीच्या माध्यमाच्या तीन खुणा सांगता येतील. ते वस्तीच्या मालकीचे असते. त्यात लिहिणारे-बोलणारे वस्तीतलेच असतात. आणि तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची : जो लिहितो त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसांना नळावर तोंड दाखवायचे असते. भित्तिपत्रक असो, हस्तलिखित असो, जलसा असो की छोटे रेडिओ केंद्र असो, ही तिसरी खूण असेल तरच ते आपले माध्यम. नाहीतर ती नुसती आरडाओरड.

आता नागरिकत्वाचा प्रश्न. १९८८ साली संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती केली आणि १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. परंतु अठराव्या वाढदिवशी सकाळी उठून कोणी एकाएकी नागरिक होत नाही. पाहणे, विचारणे, पडताळून घेणे, लिहून देणे, उत्तराची वाट पाहणे आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारणे, या सवयी लहानपणापासून लागाव्या लागतात. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तसे नागरिकत्वही येत नाही. त्यासाठी उथळ पाण्याची, हाक मारली तर कोणी धावून येईल अशी जागा लागते. वस्तीचे माध्यम ही ती जागा होय.

ही परंपरा आपलीच आहे

ही कल्पना कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधू’ सुरू केला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात येऊ लागली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढला. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी पदरमोड करून पत्रे चालविली.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्यांना एकोणतिसावे वर्ष चालू होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. नव्या पत्राची जाहिरात ‘केसरी’कडे पाठविली, पैसे देऊ केले, तरी ती छापली गेली नाही. ज्यांचे म्हणणे पैसे मोजूनही छापून येत नव्हते, त्यांनी स्वतःचा कागद काढला, इतकी साधी ही गोष्ट आहे. त्याच वर्षी बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. पत्र १९२३ पर्यंत चालले आणि बंद पडले.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. हा योगायोग नव्हे. पाण्याला हात लावणे हे एक काम आणि तो का लावला, पुढे काय झाले, कोणावर बहिष्कार पडला, हे लिहून ठेवणे व सर्वांना कळविणे हे दुसरे काम. दुसऱ्याशिवाय पहिले टिकत नाही. हेही पत्र पैशाअभावी १९२९ च्या अखेरीस थांबले. पुढे १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चेच नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्रे बंद पडली, पण थांबले कोणी नाही. दर वेळी नवे पत्र उभे राहिले.

विद्यार्थ्यांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. या पत्रांचे वर्गणीदार कमी होते. पण एक अंक गावात आला की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. वाचणारा बहुधा शाळेत जाणारा मुलगाच असे. म्हणजे ज्याला घरात कोणी विचारीत नव्हते, त्या मुलाला चार वडीलधाऱ्यांसमोर उभे राहून सार्वजनिक गोष्ट वाचून दाखविण्याचे काम मिळाले. ऐकणाऱ्यांनी शंका विचारल्या की त्याला पुढच्या वेळी माहिती काढून यावे लागे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी जलसे होते. नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या तरुणांनी जलसा मंडळे उभी केली आणि गावोगाव सवाल-जवाबांतून हाच विचार नेला. वाचणारा, गाणारा, अंक वाटणारा, गावची हकीकत लिहून पाठविणारा, अशा रीतीने त्या पत्रांनी कार्यकर्ते घडविले. अंकाचा खप किती होता यापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

नळाची वही

आता आमच्या फळ्याची गोष्ट. आम्ही तेव्हा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. वस्तीत दोन सार्वजनिक नळकोंडाळी होती. पाणी पहाटे साडेपाचला येई आणि पाऊण-एक तास राहील असे नगरपालिकेचे सांगणे होते. प्रत्यक्षात ते लवकर जाई. रोज भांडणे होत. कोणी म्हणे पाणी वीस मिनिटेच आले, कोणी म्हणे अर्धा तास. ज्येष्ठ मंडळी दोनदा नगरपालिकेत जाऊन आली. तेथे “तक्रार बघतो” एवढे उत्तर मिळाले.

त्या वेळी दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवायला सुरुवात केली. तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि भरलेले हंडे. तिला कोणी सांगितले नव्हते. नंबर लावून उभे राहावेच लागते, मग लिहायला काय हरकत, असे तिचे म्हणणे. एकवीस दिवसांची नोंद झाल्यावर ती वही घेऊन आमच्याकडे आली. आम्ही चौघांनी बेरीज केली. एकवीसपैकी तीन दिवस पाणी आलेच नव्हते. उरलेल्या अठरा दिवसांची सरासरी सत्तावीस मिनिटे पडत होती.

हा तक्ता मोठ्या कागदावर शाईने लिहून आम्ही फळ्यावर लावला. खाली नोंद करणारीचे नाव घातले. त्याचीच नक्कल अर्जाला जोडून नगरपालिकेत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तीही फळ्यावर लावली. पंधरा-वीस दिवसांनी पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंता वस्तीत आले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी तो तक्ता दोनदा वाचला. मग कळले की आमच्या भागाचा आणि टेकडीवरच्या वसाहतीचा असे दोन्ही व्हॉल्व्ह एकच माणूस सांभाळत होता. टेकडीचा व्हॉल्व्ह उघडायला तो गेला की आमच्याकडचे पाणी उतरे. त्या गरीब माणसाला आम्ही वर्षभर शिव्या दिल्या होत्या. महिन्याभरात दोन्ही भागांच्या वेळा वेगळ्या झाल्या आणि पाणी चाळीस मिनिटे टिकू लागले. आम्ही तेही फळ्यावर लिहिले.

या साध्या प्रसंगात पुष्कळ काही आहे. “पाणी पुरत नाही” ही तक्रार झाली. “अठरा दिवसांत सरासरी सत्तावीस मिनिटे” ही माहिती झाली. तक्रारीला “बघतो” हे उत्तर चालते, माहितीला चालत नाही. दुसरे, फळ्यावर लावल्यामुळे ती एका मुलीची वही न राहता वस्तीची वही झाली. रोज सकाळी बायका तेथे थांबून तिला विचारीत, “आज किती लिहिलेस गं?” आणि तिसरे, दोष माणसात नसून व्यवस्थेत होता, हे शोधल्याशिवाय कळले नसते.

आमची चूक

पुढची गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो. परंतु ती न सांगता नुसती बढाई मारणे बरोबर नाही.

नळाच्या यशाने आम्ही चढलो होतो. त्या काळी शिधापत्रिकेवर रॉकेल मिळत असे. एका महिन्यात वस्तीला रॉकेल मिळाले नाही. दुकानदाराने ते काळ्या बाजारात विकले असे कोणीतरी सांगितले. आम्ही खात्री केली नाही, दुकानदाराला विचारले नाही, लिहिणाऱ्याचे नावही घातले नाही. मोठ्या अक्षरांत मजकूर लावून मोकळे झालो. रात्री त्याच्या दुकानावर दगड पडले. शाळेत त्याच्या मुलाला पोरांनी चिडविले. तिसऱ्या दिवशी तो माणूस साठ्याची नोंदवही घेऊन समाजमंदिरात आला. त्या महिन्याचा कोटाच वरून आलेला नव्हता.

ज्येष्ठांनी बैठक घेतली आणि भित्तिपत्रक बंद केले. आम्ही माफी मागितली, ती तोंडी. जेथे आरोप लावला होता तेथे, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माफी लावण्याची संधी आम्ही मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. चूक आमची होती, शिक्षा मात्र फळ्याला झाली. आणि तिलाही झाली. नळाची वही ठेवणाऱ्या त्या मुलीचा रॉकेलच्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. तरी तिचे लिहिणे थांबले. त्यानंतर वस्तीतील एकाही मुलीचे नाव त्या फळ्यावर लिहिणारी म्हणून आले नाही. आले ते लग्नाच्या शुभेच्छांत.

आम्ही पुढे बँकेत लागलो. पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकलो. एका कारकुनाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. लिहिणाऱ्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर घाईत कोणाचाही हात चुकतो म्हणून. दोन सह्यांशिवाय दहा रुपयेही इकडचे तिकडे होत नाहीत. ते शिकताना आम्हांला रॉकेलचा मजकूर आठवला. दहा रुपयांना दोन सह्या लागतात, आणि एका माणसाची अब्रू आम्ही एकाही सहीशिवाय खर्च केली होती.

हातातला फोन

आज फळ्याची गरज काय, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, असे तरुण मित्र म्हणतील. खरे आहे. आमच्या वेळी कार्डशीट आणि शाईला पैसे जमवावे लागत. आज एका मिनिटात शंभर घरांत निरोप जातो. परंतु आमची रॉकेलची चूक दोनशे माणसांनी वाचली होती. आज तीच चूक लाखांपर्यंत जाते आणि कोणी केली हे शेवटपर्यंत कळत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्याआधी फोनवरून फिरत होती. आपल्यासारखीच, उपेक्षेचे जिणे जगणारी माणसे होती ती. तो निरोप पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाने फक्त एक बोट हलविले होते. ऐकीव गोष्ट, परंपरेने आलेली गोष्ट, मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट केवळ तेवढ्यावरून खरी मानू नका, स्वतः तपासा, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. विहारात आपण तो ऐकतो. बाहेर पायरीवर येऊन फोन काढला की विसरतो.

दोष फोनचा नाही. पुढे ढकललेला निरोप कोणाचाच नसतो, हा दोष आहे. त्याला नाव नाही, पत्ता नाही, उत्तरदायित्व नाही. आपला तरुण दिवसभर देशाच्या राजकारणावर मते वाचतो आणि पाठवितो, परंतु आपल्या प्रभागाचे कार्यालय कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. गावाकडे ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, आणि मतदारयादीत नाव असलेला गावचा प्रत्येक माणूस तिचा सभासद असतो, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

इतरांनी काय केले

आपल्यापेक्षा कमी साधने असलेल्यांनी केलेली कामे पाहिली की उमेद येते.

दिल्लीत २००३ पासून ‘बालकनामा’ हे वृत्तपत्र निघते. ते रस्त्यावर राहणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या मुलांचे आहे. बातम्या तीच आणतात, काय छापायचे ते तीच ठरवितात. ज्यांना लिहिता येत नाही ती मुले बातमी तोंडी सांगतात आणि लिहिता येणारी ती लिहून घेतात. अशा सांगणाऱ्या मुलांना तेथे ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. लिहिता येत नाही म्हणून कोणी गप्प राहत नाही, हे आपण उचलण्यासारखे आहे.

उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली ‘खबर लहरिया’ सुरू झाले. ग्रामीण, बहुसंख्य दलित समाजातील स्त्रियांनी बुंदेली बोलीत हे पत्र काढले. बातमी आणणे, लिहिणे आणि गावोगाव फिरून अंक विकणे ही सारी कामे त्यांनीच केली. २००९ साली युनेस्कोने त्यांना साक्षरतेचा पुरस्कार दिला. पुढे त्यांनी छापील अंक सोडून फोनवर बातम्या द्यायला सुरुवात केली. त्यांच्यावर दोघांनी केलेला माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम यादीत गेला, तेव्हा सगळीकडे कौतुक झाले. परंतु त्या स्त्रियांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की चित्रपटातून दिसते ते आमचे पुरते चित्र नव्हे. इतरांनी आपुलकीने सांगितलेली आपली गोष्टही अपुरी राहू शकते, आणि ती पुरी करण्यासाठी आपले माध्यम हाताशी असावे लागते, हा धडा येथे मिळतो.

रेडिओचेही तसेच. आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००६ साली, स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढण्यास परवानगी मिळाली. ऑक्टोबर २००८ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील माचनूर गावी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रियांनी चालविला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे त्याच वर्षी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. आता अशी केंद्रे देशात पाचशेच्या वर आहेत. त्यांचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करावेत आणि प्रसारित झालेले तीन महिने जपून ठेवावे, असा नियम आहे. म्हणजे बोलून नामानिराळे होता येत नाही. मात्र या केंद्रांना स्वतःच्या राजकीय बातम्या देण्यास मनाई आहे. परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी आणि वीजपुरवठा यांची माहिती देता येते. ही मर्यादा आम्हांला पटत नाही. पण त्या मर्यादेतही किती काम होते ते पाहण्यासारखे आहे, कारण सामान्य माणसाचे निम्मे आयुष्य याच विषयांत जाते.

आपल्या संस्थेस आज रेडिओ केंद्र पेलणार नाही. फळा मात्र पेलेल. तो तर टांगलेलाच आहे.

फळ्याचे नियम

पूर्वीच्या चुकीवरून काही नियम आम्ही सुचवितो. सभासदांनी त्यात भर घालावी.

१) प्रत्येक मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. जे नावाने लिहिता येत नाही, ते लिहिण्याआधी थांबावे.

२) दोन सह्यांशिवाय काही लावू नये. एक लिहिणाऱ्याची आणि दुसरी स्वतः जागेवर जाऊन तपासणाऱ्याची.

३) ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला आधी विचारावे. त्याचे उत्तर शेजारीच, तेवढ्याच अक्षरांत लावावे.

४) चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात, आरोप जितके दिवस होता तितके दिवस ठेवावी.

५) अत्याचार झालेल्या स्त्रीची, तसेच कोणत्याही प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन मुलामुलींची ओळख पटेल असे काही लिहू नये. कायद्याने ते गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते अयोग्यच होते.

६) फळ्यावर लिहून काम संपत नाही. संबंधित कार्यालयास अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पोचेची प्रत लावावी. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास शुल्कही नाही.

७) संपादन करणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्यात. एखादी मुलगी आलीच तर घेऊ, असे म्हणून चालणार नाही. सभेची वेळ त्यांना घरून येता येईल अशी ठेवावी.

८) वाढदिवस आणि पुढाऱ्यांचे स्वागत यांसाठी वेगळा फळा लावावा.

फोनचा उपयोग जरूर करावा. फळ्याचा फोटो घरोघरी पाठवावा, आजींची हकीकत ध्वनिमुद्रित करून ऐकवावी. फक्त क्रम उलटा नको. आधी दोन सह्या, मग फळा, मग फोन.

वडीलधाऱ्यांना विनंती

ज्येष्ठ सभासदांच्या मनात शंका येतील, त्या आम्हांला ठाऊक आहेत. आता आम्हीही त्याच बाजूला सरकत चाललो आहोत. मुले अभ्यास सोडून नको त्या भानगडीत पडतील. एखादा अधिकारी किंवा नगरसेवक रुसेल, संस्थेचे काम अडेल. पुन्हा कोणाच्या दुकानावर दगड पडेल.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की माहिती काढणे, मोजणे, सरासरी काढणे आणि नीट मराठीत अर्ज लिहिणे हा अभ्यासच आहे. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात त्यालाच फी घेतात. दुसरीचे उत्तर असे की आकडे आणि पोच असलेल्या अर्जावर रुसणे कोणालाही अवघड जाते. तिसरी शंका मात्र खरी आहे आणि तिचे उत्तर आपल्यालाच व्हावे लागेल. १९९८ साली ज्येष्ठांनी फळा बंद केला. त्याऐवजी त्यांनी आम्हांला कान धरून दुकानदाराकडे नेले असते, त्याच फळ्यावर आमच्या हाताने माफी लिहून घेतली असती आणि पुढच्या अंकापासून दोन सह्यांचा नियम घातला असता, तर काय झाले असते? दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ते घाबरले होते, आणि घाबरण्यासारखेच झाले होते. पण आता निर्णय आपल्या हाती आहे. मूल चालताना पडले तर आपण त्याचे चालणे बंद करीत नाही.

समारोप

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या खिडकीवर एक बाई मुलीचे खाते उघडण्यासाठी आल्या. अर्जावरची सही पाहून आम्ही मान वर केली. ती तीच होती. सासर दुसऱ्या तालुक्यात. खाते उघडून झाल्यावर तिने विचारले, “दादा, फळ्यावर परत काही लावता का?” आम्ही म्हणालो, “वाढदिवस लावतो.” ती हसली. मग म्हणाली, “ती वही माझ्याकडे आहे अजून. हिला दाखवते कधी कधी.” मागे रांग होती. आम्ही पुढचा नंबर पुकारला. पण त्या दिवशी संध्याकाळी रोकड जुळवताना मन ठिकाणावर नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक छोटा स्वाध्याय देऊन लेख पुरा करतो. आपल्या वस्तीतील एकच गोष्ट निवडा. रस्त्यावरचा दिवा, अंगणवाडीची वेळ, कचऱ्याची गाडी, ग्रंथालयाचे उघडणे-मिटणे, काहीही. पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळी तिची नोंद ठेवा. मत लिहू नका, फक्त पाहिलेले लिहा. सोळाव्या दिवशी मित्राला किंवा मैत्रिणीला ती तपासायला द्या. सतराव्या दिवशी दोघांच्या सह्यांनिशी ती घेऊन समाजमंदिरात या.

फळा पुसून ठेवण्याचे काम आम्ही करतो.